जेम्स हॅन्सन यांचा अभ्यास कसा करावा

अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांचे नाव मराठी वाचकापर्यंत बहुधा दोन चित्रांतून पोहोचते. पहिल्या चित्रात २३ जून १९८८ रोजी वॉशिंग्टनच्या उकाड्यात ते अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर बसले आहेत आणि पृथ्वी तापू लागल्याचे सांगत आहेत. दुसऱ्या चित्रात व्हाइट हाऊससमोर निदर्शने करताना पोलीस त्यांना ताब्यात घेत आहेत. दोन्ही प्रसंग खरे आहेत, परंतु अभ्यासाची सुरुवात त्यांपैकी कोणत्याही प्रसंगापासून करू नये. मी स्वतः ती अटकेच्या बातम्यांपासून केली होती, आणि त्यामुळे एका शास्त्रज्ञाने विज्ञान सोडून चळवळ धरली अशी समजूत माझ्या मनात बराच काळ राहिली. त्यांचे जुने शोधनिबंध क्रमाने वाचल्यावर ती समजूत टिकली नाही. ग्रहाला किती ऊर्जा मिळते, त्यातली किती परत जाते आणि उरलेली कोठे साठते, हा एकच जमाखर्च ते साठ वर्षे मांडत आले आहेत. त्यांचे आंदोलनही त्याच खातेवहीतून निघालेले आहे.

हॅन्सन यांच्यावर निबंध लिहू पाहणारे विद्यार्थी, व्याख्यान देऊ इच्छिणारे शिक्षक, किंवा हवामानबदलाची चर्चा ऐकून मूळ काम पाहण्याची इच्छा झालेले वाचक यांच्यासाठी ही वाट सांगत आहे. पदवीपर्यंतचे भौतिकशास्त्र आले असेल तर उत्तम, परंतु बारावीपर्यंतचे गणित आणि थोडा धीर एवढ्यावरही बरेच काम होते.

सुरुवात शुक्रापासून

हॅन्सन यांचा जन्म २९ मार्च १९४१ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात, डेनिसन या गावी झाला. आयोवा विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्र, गणित आणि खगोलशास्त्र शिकले. पृथ्वीभोवतीच्या भारित कणांच्या पट्ट्यांचा शोध लावणारे जेम्स व्हॅन ॲलन त्या वेळी तेथे होते. डिसेंबर १९६३ मध्ये खग्रास चंद्रग्रहण झाले. एरवी अशा ग्रहणात चंद्र तांबूस दिसतो, परंतु त्या रात्री तो जवळजवळ दिसेनासाच झाला, कारण त्याच वर्षी बालीतील अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक होऊन वातावरणाच्या वरच्या थरात सूक्ष्म कणांचा पडदा पसरला होता. तरुण हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रात्रीची निरीक्षणे घेतली आणि त्यांवरून कणांच्या थराचा अंदाज बांधला.

हा प्रसंग कालपटात पहिल्या ओळीवर लिहून त्याच्यापुढे थोडी जागा मोकळी ठेवावी. पंधरा वर्षांनी, १९७८ साली, हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच अगुंगच्या उद्रेकाचा आपल्या गणिताची परीक्षा म्हणून उपयोग केला: एवढे कण वर गेले तर पृथ्वी किती थंड व्हायला हवी, आणि प्रत्यक्षात ती किती झाली? म्हणजे आकाश बघता बघता हाती आलेली एक नोंद पुढे हवामानाच्या प्रतिमानाची, म्हणजे गणिती नमुन्याची, कसोटी ठरली. अशी जुळणी त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा आढळते, आणि ती ओळखता येणे हा या अभ्यासातला पहिला आनंद आहे.

१९६७ च्या प्रबंधाचा विषय शुक्र ग्रह हा होता. शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण ४६० अंश सेल्सिअस आहे. हॅन्सन यांनी तेव्हा असे सुचवले की धुळीचे दाट आवरण ग्रहाच्या पोटातील उष्णता अडवून धरत असावे. पुढील निरीक्षणांत ही कल्पना टिकली नाही. कार्बन डायऑक्साइडच्या जाड वातावरणाचा हरितगृह परिणाम हेच स्पष्टीकरण खरे ठरले. हा भाग वगळू नये. पहिली मोठी कल्पना चुकली असतानाही त्या माणसाने विषय सोडला नाही, आणि १९७४ साली शुक्रावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा अभ्यास करून तेथील ढगांतील थेंबांची त्रिज्या सुमारे एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याचे आणि त्यांचे गुणधर्म सल्फ्युरिक आम्लाशी जुळत असल्याचे दाखवले, हे त्यांचा स्वभाव समजून घेण्यासाठी फार उपयोगी आहे. १९७८ साली शुक्राकडे निघालेल्या पायोनियर यानावर त्यांचे उपकरण होते, परंतु त्याचे नेतृत्व त्यांनी दुसऱ्याकडे सोपवले. ज्या ग्रहाचे वातावरण माणसांच्या डोळ्यांदेखत बदलत आहे, त्या ग्रहाचा अभ्यास त्यांना अधिक तातडीचा वाटला.

वहीचे तीन भाग

पुढे वाचण्यापूर्वी वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: मोजमाप, भाकीत आणि मत. हॅन्सन यांचे कोणतेही विधान समोर आले की ते यांपैकी कोठे बसते हे ठरवूनच लिहावे. पृथ्वीचे सरासरी तापमान अमुक इतके वाढले, हे मोजमाप. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास ते अमुक इतके वाढेल, हे भाकीत. म्हणून कोळशाची नवी वीजकेंद्रे बांधू नयेत, हे मत. तिन्हींची तपासणी वेगवेगळ्या पद्धतीने करावी लागते. मोजमापासाठी नोंदी पाहाव्या लागतात. भाकितासाठी त्यामागची गृहीतके आणि नंतर प्रत्यक्ष घडलेले पाहावे लागते. मतासाठी अर्थशास्त्र, न्याय आणि राजकारण यांचाही विचार करावा लागतो. हॅन्सन यांच्याविषयीचे निम्मे गैरसमज हे रकाने एकमेकांत मिसळल्यामुळे झालेले आहेत. त्यांचे भक्तही ही चूक करतात: भौतिकशास्त्रात त्यांचे म्हणणे खरे ठरले, म्हणून कराविषयीचे त्यांचे म्हणणेही खरेच असणार, असे ते धरून चालतात. टीकाकार तीच चूक उलट्या बाजूने करतात.

मोजमापाच्या रकान्यासाठी सर्वांत सोपे साधन सर्वांना खुले आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२५ पर्यंत ब्रॉडवेवर असलेल्या नासाच्या गॉडार्ड इन्स्टिट्यूट फॉर स्पेस स्टडीज या संस्थेत हॅन्सन १९६७ पासून काम करीत होते आणि १९८१ ते २०१३ या काळात तिचे संचालक होते. जगभरच्या तापमान नोंदी एकत्र करण्याची पद्धत त्यांनी आणि सर्गेई लेबेडेफ यांनी १९८७ साली सविस्तर मांडली. दोन ठिकाणांची प्रत्यक्ष तापमाने भिन्न असली, तरी सरासरीपासूनचा त्यांचा फरक सुमारे १,२०० किलोमीटरपर्यंत बराचसा एकत्र वर-खाली होतो, हे त्या पद्धतीचे मर्म आहे. महाबळेश्वर आणि सोलापूर यांचा उन्हाळा सारखा नसतो; पण ज्या वर्षी एका ठिकाणी नेहमीपेक्षा अधिक तापते, त्या वर्षी बहुधा दुसऱ्या ठिकाणीही तापते. म्हणून नासाची आकडेवारी १९५१ ते १९८० या काळाच्या सरासरीपासूनचा फरक दाखवते. ती उतरवून घ्यावी, दहा-दहा वर्षांची सरासरी काढावी आणि आलेख स्वतःच्या हाताने काढावा. २०२४ साली हा फरक १.२८ अंश सेल्सिअस होता. छापील आलेख पाहणे आणि बिंदू स्वतः मांडणे यांत फार अंतर आहे. हे तासाभराचे काम कोणीही टाळू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

१९८१ चा निबंध आणि १९८८ ची साक्ष

ऑगस्ट १९८१ मध्ये हॅन्सन आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी लिहिलेला निबंध हा या संपूर्ण अभ्यासाचा पाया धरावा. आधीच्या शंभर वर्षांत पृथ्वी सुमारे ०.४ अंशाने तापली आहे, आणि नैसर्गिक चढउतारांच्या गोंगाटातून ही तापमानवाढ शतक संपेपर्यंत स्पष्टपणे वर येईल, असे त्यात म्हटले होते. उत्तर अमेरिका आणि मध्य आशियात दुष्काळप्रवण प्रदेश तयार होणे, पश्चिम अंटार्क्टिकाच्या हिमस्तराची झीज, आणि कॅनडाच्या उत्तरेकडील समुद्रमार्ग खुला होणे हे एकविसाव्या शतकातील संभाव्य परिणामही त्यात नोंदवले होते. निबंध न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आला. हॅन्सन यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, त्यानंतर ऊर्जा विभागाकडून मिळणारा निधी बंद झाला. निबंध वाचताना प्रत्येक भाकितापुढे आज काय स्थिती आहे ते लिहीत जावे. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या कागदाची अशी परीक्षा घेता येणे ही दुर्मीळ संधी आहे.

आता १९८८. त्या उन्हाळ्यात अमेरिकेत भीषण दुष्काळ होता आणि मिसिसिपी नदीचे पाणी खूप खाली गेले होते. सिनेटर टिम वर्थ यांच्या पुढाकाराने झालेल्या सुनावणीत हॅन्सन यांनी तीन गोष्टी मांडल्या. मोजमापांच्या सबंध इतिहासात पृथ्वी इतकी उष्ण कधीच नव्हती. ही वाढ हरितगृह परिणामाशी मोठ्या खात्रीने जोडता येते. आणि उष्णतेच्या लाटांसारख्या टोकाच्या घटनांची शक्यता वाढवण्याइतका हा परिणाम आता बळावला आहे. ‘९९ टक्के खात्री’ हे शब्द तेव्हापासून जगभर फिरले. येथे सावधपणे वाचावे. ती खात्री तापमानवाढ ही केवळ योगायोगाने झालेली हालचाल नाही, याविषयी होती. त्या वर्षीचा विशिष्ट दुष्काळ हरितगृह परिणामामुळेच पडला, असे त्यांनी म्हटले नव्हते. एकेका घटनेचा दोष असा लावता येत नाही, असेच त्यांचे सांगणे होते.

शक्यता बदलते म्हणजे काय होते, हे सांगण्यासाठी ते रंगवलेला फासा वापरत. १९५१ ते १९८० च्या काळातील उन्हाळ्यासाठी फाशाच्या दोन बाजू उष्ण, दोन थंड आणि दोन सरासरीच्या धरल्या, तर पुढे चार बाजू उष्ण होतील, असे ते म्हणाले होते. एखादे दान कसे पडेल हे सांगता येत नाही. फासाच बदलला आहे, एवढे सांगता येते. सोंगट्या आणि सारीपाट ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला हे उदाहरण सहज पटते, म्हणून व्याख्यानात ते अवश्य घ्यावे. २०१२ साली त्यांनी याचा पाठपुरावा प्रत्यक्ष नोंदींवरून केला. पूर्वी पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही बऱ्याच कमी भागात आढळणारी टोकाची उन्हाळी उष्णता आता एकूण जमिनीच्या साधारण दहा टक्के भागावर आढळू लागली आहे, असे त्या निबंधात दाखवले आहे.

त्याच १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाची आकडेमोड हा सर्वाधिक वादग्रस्त भाग आहे, म्हणून तेथे अधिक वेळ द्यावा. त्या काळच्या संगणकावर पृथ्वीचे चौकोन आठ अंश अक्षांश आणि दहा अंश रेखांश एवढे मोठे होते. सबंध महाराष्ट्र अशा एकाच चौकोनात मावला असता. या ठोकळ प्रतिमानाला त्यांनी भविष्याची तीन गृहीतके दिली. ‘अ’ गृहीतकात हरितगृह वायूंचे उत्सर्जन दरवर्षी सुमारे दीड टक्क्याने, चक्रवाढीने वाढत राहते. ‘ब’ मध्ये वाढ मंदावते. हीच शक्यता त्यांना सर्वांत वास्तव वाटत होती. ‘क’ मध्ये उत्सर्जनात एवढी कपात होते की २००० सालानंतर हरितगृह वायूंचा एकूण दाब, म्हणजे पृथ्वीला तापवणारा त्यांचा एकत्रित परिणाम, वाढायचा थांबतो. तिन्हींमध्ये, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पृथ्वी अखेरीस ४.२ अंशांनी तापेल, असे त्या प्रतिमानातून निघत होते.

परीक्षा घेताना प्रथम तिन्ही रेषा एकाच कागदावर ठेवाव्यात. १९९८ साली अमेरिकी काँग्रेससमोर एका टीकाकाराने ‘ब’ आणि ‘क’ या रेषा गाळून फक्त ‘अ’ दाखवली आणि भाकीत साफ चुकल्याचा दावा केला. आजही तो आलेख फिरताना दिसतो, म्हणून तिन्ही रेषा नसलेला कोणताही आलेख बाजूला ठेवावा. त्यानंतर तापमानाच्या आधी कारणे तपासावीत: हवेत प्रत्यक्षात किती वायू गेले? कार्बन डायऑक्साइड जवळपास ‘ब’प्रमाणे वाढला; परंतु ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारामुळे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंना लगाम बसला आणि मिथेनची वाढही गृहीत धरल्यापेक्षा मंद राहिली, त्यामुळे एकूण दाब ‘ब’पेक्षा कमी पडला. शेवटी तापमानाची तुलना करावी. ‘ब’ रेषेने दाखवलेली वाढ प्रत्यक्ष वाढीपेक्षा साधारण निम्म्याने अधिक निघते. मात्र वायूंचा प्रत्यक्ष दाब हिशेबात घेतला, तर दाब आणि तापमान यांचे प्रमाण निरीक्षणांशी जुळते. २०१९ च्या अखेरीस जुन्या प्रतिमानांची तपासणी करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष हाच होता.

तेव्हा निबंधात काय लिहावे? ‘हॅन्सन तंतोतंत खरे ठरले’ असे लिहू नये आणि ‘हॅन्सन चुकले’ असेही लिहू नये. भौतिकशास्त्र टिकले, माणसे किती वायू सोडतील याचा अंदाज जास्त निघाला, आणि तो जास्त निघण्यात एका आंतरराष्ट्रीय कराराचा मोठा वाटा आहे. मला या निष्कर्षात आशेचा अंशही दिसतो, परंतु तो माझा तिसऱ्या रकान्यातला मजकूर झाला.

पिनाटुबोचे उदाहरण लहान आणि स्वच्छ आहे. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधील या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. हॅन्सन यांच्या गटाने जानेवारी १९९२ मध्ये, म्हणजे परिणाम दिसण्यापूर्वी, पृथ्वी तात्पुरती सुमारे अर्ध्या अंशाने थंड होईल आणि नंतर तापमानवाढ पुन्हा सुरू होईल, असे छापून टाकले. तसेच झाले.

मौन आणि परतीची वाट

चरित्र लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण १९८८ वरून एकदम २००६ वर उडी घेतात. मधली वर्षे वाचल्याशिवाय हा माणूस समजत नाही. मे १९८९ मध्ये हॅन्सन पुन्हा सिनेटसमोर गेले, तेव्हा त्यांच्या लेखी साक्षीत राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयाने निष्कर्ष दुबळे करणारा मजकूर घातला होता. ही बाब त्यांनी समितीच्या निदर्शनास आणून दिली आणि ती बातमी झाली. त्यानंतर मात्र ते सुमारे पंधरा वर्षे सार्वजनिक चर्चेपासून बरेचसे दूर राहिले. जनतेशी बोलण्याचे काम इतर शास्त्रज्ञ अधिक चांगले करतील, आपण संशोधन करावे, असे त्यांना वाटत होते.

ते परत का आले, याची दोन उत्तरे एकत्र वाचावीत. पहिले उत्तर घरगुती आहे. त्यांच्या पत्नी मूळच्या नेदरलँड्सच्या, आणि घरात आजोबांसाठी ‘ओपा’ हा शब्द. काय होणार हे ओपाला समजले होते, पण त्याने ते नीट सांगितले नाही, असे नातवंडांनी पुढे म्हणू नये, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. दुसरे उत्तर जमाखर्चातले आहे. २००५ साली त्यांच्या गटाने दाखवले की पृथ्वी जेवढी ऊर्जा परत पाठवते, त्यापेक्षा दर चौरस मीटरला सुमारे ०.८५ वॉट अधिक शोषून घेते, आणि ही शिल्लक मुख्यतः समुद्रात जाते. याचा अर्थ असा, की आज हवेतील वायूंचे प्रमाण आहे तेथेच ठेवले, तरी आणखी काही तापमानवाढ आधीच ठरून गेलेली आहे. समुद्र सावकाश तापतो, म्हणून देणे लगेच दिसत नाही; ते पुढच्या पिढीच्या नावे चढते. घरगुती कारण आणि भौतिकशास्त्र येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि हॅन्सन यांचे आंदोलन समजण्याची किल्ली मला याच जागी सापडली.

ही शिल्लक किती मोठी आहे, ते वाचकाने स्वतः काढून पाहावे. २०१२ च्या एका व्याख्यानात हॅन्सन यांनी दर चौरस मीटरला ०.६ वॉट हा आकडा घेऊन, ही ऊर्जा दररोज हिरोशिमावरील चार लाख अणुबाँबएवढी होते, असे म्हटले. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर धरावे. त्यावरून एकूण शिल्लक सुमारे ३०६ लाख कोटी वॉट येते. तिला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणावे आणि एका बाँबच्या अंदाजे ६३ लाख कोटी ज्यूल ऊर्जेने भागावे. उत्तर चार लाखांच्या थोडे वर येते. तुलना भडक वाटली तरी गणित बरोबर आहे, आणि ते स्वतः केल्यावरच तो आकडा इतरांना सांगावा.

डिसेंबर २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील एका वैज्ञानिक परिषदेत त्यांनी केलेल्या भाषणानंतर, त्यांची व्याख्याने, लेख आणि मुलाखती आधी तपासल्या जाव्यात असे नासाच्या मुख्यालयातून सांगण्यात आले. जानेवारी २००६ मध्ये हॅन्सन यांनी ते वृत्तपत्रातून उघड केले. अशा प्रकरणात एका बाजूच्या कथनावर थांबू नये. येथे सरकारी कागद उपलब्ध आहे: नासाच्याच महानिरीक्षकांनी २००८ साली चौकशी करून, जनसंपर्क कार्यालयाने हवामानविषयक संशोधनाची माहिती दाबली आणि चुकीच्या रीतीने मांडली, असा निष्कर्ष काढला. ‘आपल्या ग्रहाला समजून घेणे आणि त्याचे रक्षण करणे’ या आशयाचे शब्द नासाच्या ध्येयवाक्यातून २००६ साली गळाले, हीही नोंदलेली गोष्ट आहे. सरकारी नोकरीत असलेल्या शास्त्रज्ञाने बोलावे की नाही, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: ज्या संशोधनासाठी जनतेचा पैसा लागला, त्याचा निष्कर्ष जनतेला न गाळता कळलाच पाहिजे.

अटक, न्यायालय आणि ३५० चा आकडा

आंदोलनाचा भाग येथे वाचावा, आधी नाही. २००८ साली हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी प्राचीन हवामानाच्या आधारे असे मांडले की हवेतील कार्बन डायऑक्साइड दशलक्षांत फार तर ३५० भाग इतका खाली आणावा लागेल. औद्योगिक युगापूर्वी तो २८० च्या आसपास होता, निबंध लिहिला तेव्हा ३८५ होता, आणि २०२४ मध्ये ४२० च्या पुढे गेला. या आकड्यावरून बिल मॅककिबन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जागतिक चळवळीने आपले नावच ३५० असे घेतले. शोधनिबंधातला एक अंक मोर्च्यांच्या फलकांवर गेल्याची अशी उदाहरणे थोडीच असतील.

त्याच वर्षी त्यांनी इंग्लंडमधील मेडस्टोन येथील न्यायालयात साक्ष दिली. किंग्जनॉर्थ येथील कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुराड्यावर चढून ते रंगवण्याच्या प्रकरणी ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेच्या सहा कार्यकर्त्यांवर मालमत्तेच्या नुकसानीचा खटला होता. मोठी हानी टाळण्यासाठी केलेले कृत्य म्हणून ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. जून २००९ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात, डोंगरमाथे उडवून कोळसा काढण्याविरुद्धच्या निदर्शनांत हॅन्सन यांना अटक झाली. २०१० मध्ये याच प्रश्नावर वॉशिंग्टनमध्ये, आणि ऑगस्ट २०११ व फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅनडातील वाळूमिश्रित तेल आणण्यासाठी योजलेल्या कीस्टोन एक्सएल तेलवाहिनीच्या विरोधात व्हाइट हाऊससमोर त्यांना पुन्हा अटक झाली. या चारही वेळी ते नासाच्या सेवेत होते आणि व्यक्तिगत नागरिक म्हणून गेले होते. निवृत्ती एप्रिल २०१३ मध्ये, बहात्तराव्या वर्षी झाली. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी काम चालू ठेवले. २०१५ साली ओरेगॉन राज्यात एकवीस मुला-तरुणांनी अमेरिकी सरकारविरुद्ध खटला दाखल केला, त्यात त्यांची नात फिर्यादी होती आणि हॅन्सन स्वतः भावी पिढ्यांचे पालक या नात्याने सामील झाले. तो खटला जिंकता आला नाही. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिला.

अटकांची यादी पाठ करण्यापेक्षा, प्रत्येक ठिकाणी कोळसा किंवा वाळूमिश्रित खनिज तेल हेच का आले, हा प्रश्न विचारावा. पारंपरिक खनिज तेल आणि वायू यांचे साठे मर्यादित आहेत, तर कोळसा आणि असे अपारंपरिक तेल यांत एवढा कार्बन आहे की तो हवेत गेल्यावर ३५० चे उद्दिष्ट आवाक्याबाहेर जाईल, असा त्यांचा हिशेब होता. निदर्शनाची जागासुद्धा खातेवहीतूनच निवडली गेली होती. त्यांच्या शब्दांची निवड मात्र नेहमी तेवढी काटेकोर नव्हती. कोळशाच्या आगगाड्यांची तुलना त्यांनी नाझी काळातील मृत्यूच्या गाड्यांशी केली, तेव्हा तीव्र आक्षेप घेतले गेले, आणि मला ते आक्षेप योग्य वाटतात.

उपायांच्या बाबतीत तिसरा रकाना कसून वापरावा. हॅन्सन यांची मुख्य सूचना अशी आहे: खाणीत, विहिरीवर किंवा बंदरातच जीवाश्म इंधनावर शुल्क घ्यावे, ते दरवर्षी वाढवावे, आणि जमा झालेली सर्व रक्कम नागरिकांना समान वाटून द्यावी. उत्सर्जनाचे परवाने खरेदी-विक्रीसाठी देण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध आहे, आणि त्या विरोधामुळे अनेक पर्यावरणवादी संघटनांशी त्यांचे मतभेद झाले. अणुऊर्जेचेही ते ठाम समर्थक आहेत. १९७१ ते २००९ या काळात अणुऊर्जेमुळे हवाप्रदूषणाचे सुमारे १८ लाख मृत्यू टळले, असा अंदाज त्यांनी सहकाऱ्यासह २०१३ साली मांडला. चळवळीतला हा माणूस चळवळीला नको असलेल्या गोष्टीही बोलतो, हे चरित्रलेखात आलेच पाहिजे.

चालू असलेला वाद

२०२३ साली हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास होणारी वाढ ४.८ अंश, अधिक-उणे १.२, अशी काढली. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या सहाव्या अहवालातील सर्वोत्तम अंदाज ३ अंशांचा, आणि संभाव्य पल्ला २.५ ते ४ चा आहे. हॅन्सन यांच्या मते धूर आणि गंधकाच्या सूक्ष्म कणांनी आतापर्यंत बरीच तापमानवाढ झाकून ठेवली होती. २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली, तेव्हा तो पडदा समुद्रावर विरळ झाला, आणि १९७० ते २०१० या काळात दर दशकाला ०.१८ अंश असलेला तापमानवाढीचा वेग आता किमान ०.२७ वर जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. मायकेल मान यांच्यासह अनेक हवामानशास्त्रज्ञांना हे पटलेले नाही.

अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न वाचकाने लगेच सोडवण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंचा मतभेद नेमका कोणत्या राशीविषयी आहे, तेवढे नीट लिहावे: कणांनी किती थंडावा दिला होता, ही ती राशी आहे, आणि ती थेट मोजणे अवघड आहे. आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. हिवाळ्यात गंगेच्या मैदानावर पसरणारे धुरके याच प्रकारच्या कणांचे असते. ते हटवणे आरोग्यासाठी आवश्यकच आहे, आणि ते हटल्यावर झाकलेली उष्णता किती बाहेर येईल, हे हॅन्सन यांच्या वादाचे आपल्या दारातले रूप आहे.

मराठीत लिहिताना

शेवटी भाषेविषयी, कारण चुका बहुधा येथेच होतात. ‘हवामान’ हा एकच शब्द आपण आजच्या पावसासाठीही वापरतो आणि तीस वर्षांच्या सरासरीसाठीही. जेथे गोंधळ संभवतो तेथे ‘रोजचे हवामान’ आणि ‘दीर्घकालीन हवामान’ असे स्पष्ट लिहावे. तापमानाच्या सरासरीपासूनच्या फरकाला ‘विसंगती’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण वाचकाला त्यात नोंदींमधला घोळ ऐकू येतो. ‘सरासरीपासूनचा फरक’ हे लांब असले तरी बरे. वेधशाळेचा उद्याचा ‘अंदाज’ आणि १९८८ च्या निबंधातील ‘अमुक केले तर अमुक होईल’ हे सशर्त विधान यांना एकच शब्द वापरू नये. ती ‘जर’ची बाजू गाळली, की तिन्ही रेषांची एक रेषा होते आणि १९९८ ची चूक मराठीत पुन्हा घडते.

व्याख्यान द्यायचे असेल तर त्या दिवशी सकाळी नासाची तापमानाची फाइल पुन्हा उघडावी आणि सर्वांत ताजा महिना पाहून घ्यावा. नोंद दर महिन्याला पुढे सरकते, आणि मागच्या महिन्यांचे आकडेही नव्या माहितीनुसार किंचित सुधारले जातात. आलेखाच्या खाली आकडे कोणत्या तारखेला घेतले ते लिहून ठेवावे.